अंगठ्यापासून अंगठ्यापर्यंत

सिग्नल हिरवा झाला, मी उजव्या पायावर भार दिला आणि पाय एकदम खाली गेला. अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त धरली की होतं तसं झालं. सायकलच्या मागच्या दातेरी चक्राच्या एका दात्यावरून चेन घसरली आणि पुढच्या दात्यावर जाऊन बसली, एवढंच. गुडघा हँडलला लागला, मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला, मी एक पाय जमिनीवर टेकवून तशीच उभी राहिले आणि सिग्नल पुन्हा लाल झाला. लागलं फारसं नव्हतं. चेन घसरण्यात नवल नव्हतं. मागच्या आठवड्यात मी नवी चेन घातली होती आणि मागचं चक्र जुनंच ठेवलं होतं. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही, हे मला कळायला हवं होतं. ते चक्र मुळात ताईचं. ती शर्यतीत वापरायची, आणि झिजल्यावर मी ते माझ्या ऑफिसच्या सायकलला लावलं, कारण वस्तू टाकून देणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. पिशवीत फोन होता आणि फोनमध्ये चार ओळींचं एक पत्र पाठवायचं राहिलं होतं. गेल्या वर्षी पहिल्या दहांत आलेल्यांची जागा यंदाच्या शर्यतीत राखून ठेवतात. जिला यायचं नसेल तिने आज संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं. ताईला यायचं नव्हतं. तिचा सगळा पत्रव्यवहार मीच करते, म्हणून हेही मीच करायचं होतं. ते पत्र तीन दिवस माझ्याकडे पडून होतं. काल तिने विचारलं तेव्हा मी नेट चालत नाही म्हणून सांगितलं, आणि ती हसून म्हणाली की तुझं नेट माझ्या गुडघ्यांपेक्षा वाईट दिसतंय.

मी काम करते त्या प्रयोगशाळेच्या अलीकडच्या गल्लीत सायकलचं एक दुकान आहे. दुकानदार चष्मा नाकाच्या टोकावर ठेवतो आणि माणसाकडे चष्म्याच्या वरून, सायकलकडे चष्म्यातून बघतो. मी म्हटलं, मागचं चक्र बदलून द्या, वीस दात्यांचं. त्याने चाक काढलं, चक्र उतरवलं, हातात फिरवलं आणि म्हणाला, "हे एकोणीसचं आहे."

"वीसचं आहे ते."

"बरं, तुमचं वीसचं. पण दाते एकोणीस आहेत."

मला हसू आलं. मी त्याला सांगितलं की मी वजनं तपासायचं काम करते, दुकानांतली, कारखान्यांतली, औषधांच्या तराजूंची सुद्धा, तेव्हा मोजण्याच्या बाबतीत माझी चूक होण्याची शक्यता जरा कमी आहे. तो म्हणाला, मग बाजारात आमचं काही खरं नाही. त्याने खडूने एका दात्यावर खूण केली आणि बोटाने ढकलत ढकलत मोजून दाखवलं. एकोणीस. मी चक्र त्याच्या हातातून घेतलं, एका दात्यावर अंगठा ठेवला, एक म्हटलं, आणि चक्र फिरवत अंगठ्याशी परत येईपर्यंत मोजलं. वीस. मी चक्र त्याच्यासमोर धरलं. त्याने चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "अंगठ्याखालचा दाता किती वेळा मोजलात, मॅडम?"

नवं चक्र बसवून सायकल त्याने हातात दिली तरी मी तिच्यावर बसले नाही. ढकलत चालत निघाले. जुनं चक्र कागदात गुंडाळून खिशात ठेवलं होतं आणि चालताना ते मांडीला लागत होतं. मी बारा वर्षांची असताना ताईने मला हे मोजणं शिकवलं. ती तेव्हा बावीसची. घरामागच्या फरशीवर ती जुन्या, मोडीत निघालेल्या सायकलींची चक्रं घेऊन बसायची, काचकागदाने गंज काढायची, आणि गंजाबरोबर त्यांच्यावर कोरलेले आकडेही निघून जायचे. मग ते मोजावे लागत. मोजायला तिने मला बसवलं. अंगठ्यापासून अंगठ्यापर्यंत, ती म्हणायची, म्हणजे विसरायला होत नाही. मोजलेल्या चक्रावर आम्ही नेलपॉलिशने आकडा घालायचो. अठराला लाल, एकोणीसला जांभळा, वीसला चंदेरी. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती सगळी चक्रं खुळखुळत असायची. तो डबा अजून माझ्या पलंगाखाली आहे. त्यातलं प्रत्येक चक्र त्याच्या आकड्याहून एका दात्याने कमी आहे, हे चालता चालता माझ्या लक्षात आलं आणि क्षणभर मला हायसं वाटलं. चूक दर वेळी तेवढीच असेल तर तिचा काही त्रास नसतो, हे आमच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तराजू नेहमी दोन ग्रॅम जास्त दाखवत असेल तर तो बिचारा प्रामाणिकच म्हणायचा. ताईची वीस ही एकोणीस होती, एकोणीस ही अठरा होती, आणि तिचे पाय ज्याला वीस म्हणत होते त्याच्यावर ती सहा वर्षं चढत आणि उतरत होती. काही बिघडलं नव्हतं. मग मला गेल्या वर्षी ताईच्या सायकलला बसवलेलं नवं चक्र आठवलं आणि मी रस्त्यात थांबले. मागून येणारा एक माणूस माझ्या सायकलवर आदळता आदळता राहिला.

ताईच्या शर्यतीला सायकलला एकच गिअर असतो. डोंगर असो, चिखल असो, सपाट रस्ता असो, पुढे एक चक्र, मागे एक चक्र, आणि सुटण्याआधी जे बसवलं ते शेवटपर्यंत. मागे दाते जास्त असले तर चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय नुसते गरगर फिरतात. कमी असले तर उलट. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, दर शर्यतीला पाण्याच्या बाटल्या धरून उभे असतात, आणि दर शर्यतीला विचारतात की गिअरवाली सायकल घेतली तर या लोकांत वाळीत टाकतात का. ताई सांगायची, गिअर असले की पाय सारखे विचारत राहतात, बदलू का, बदलू का, मला ती कटकट नको. पण चक्र निवडण्याची कटकटही तिला नको होती. एका शर्यतीत सुटण्याआधी तिने शेजारणीचं चक्र बघितलं, आपल्यापेक्षा एकाने कमी आहे असं तिला दिसलं, आणि सबंध चढ ती त्या एका दात्याचाच विचार करत राहिली. त्यानंतर तिने ते माझ्यावर सोडलं. मी आदल्या दिवशी मार्ग बघायचा, चढाचा कोन, माती, वारा वहीत लिहायचं, आणि चक्र बसवायचं. ती म्हणायची, "तू ठरव. मला सांगू नकोस." आणि खरंच ती कधी बघायची नाही. सुटायच्या जागी सगळ्याजणी एकमेकींच्या मागच्या चाकाकडे चोरून बघत असायच्या आणि ताई फक्त एकदा माझ्या तोंडाकडे बघायची. मी निश्चिंत दिसले की ती मान खाली घालायची आणि हातमोजे नीट करायची.

गेल्या वर्षीच्या मोठ्या शर्यतीआधी चंदेरी चक्र, म्हणजे आमचं वीस, झिजलं. मी दुकानातून नवं आणलं, वीसचं, त्यावर आकडा व्यवस्थित कोरलेला, आणि सोबत नवी चेन. आदल्या दिवशी दुपारी बसवलं. मागचं चाक ते धरणाऱ्या चिमट्यात नेहमीच्या खुणेपेक्षा आठ मिलिमीटर पुढे आलं. मी ते वहीत लिहिलंसुद्धा, आणि पुढे कंस करून कारण लिहिलं, जुनी चेन ताणलेली होती. ताणलेल्या चेनमुळे चाक सरकतं ते पाच मिलिमीटर. उरलेले तीन मिलिमीटर म्हणजे एक दाता. ते तीन मिलिमीटर माझ्या हातात होते, माझ्या अक्षरात लिहिलेले होते, आणि मी वही मिटली. सकाळी अंग मोकळं करायला एक फेरी मारून आल्यावर ताई म्हणाली की आज सायकल हलकी लागतेय. मी म्हटलं, नवी चेन आहे.

प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला होता. सर, म्हणजे आमचे प्रमुख, अशा वेळी रागावत नाहीत, फक्त घड्याळाकडे बघून ते बरोबर आहे ना याची खात्री करतात. माझ्यासमोर एका औषध कंपनीची वजनं होती, मखमलीच्या खोबणीत बसवलेली, सर्वात मोठं अंगठ्याएवढं आणि सर्वात लहान म्हणजे पत्र्याचा कपटा. मी चिमट्याने एकेक उचलून तराजूवर ठेवत होते, काचेचं दार लावत होते, शेवटचा आकडा स्थिर व्हायची वाट बघत होते, आणि प्रत्येक वेळी त्या वाट बघण्यात गेल्या वर्षीच्या शर्यतीतला चढ यायचा. मी वरच्या वळणावर उभी होते. झाडी संपून तिथे उघडा खडकाळ भाग लागतो. चढ सुरू झाला तेव्हा ताई सातवी होती. खालून पहिल्यांदा जी टोपी दिसली ती एकटीच पुढे गेलेल्या मुलीची, आणि दुसरी, लाल, ती ताईची. मला वाटलं माझी बघण्यात चूक होतेय. ती उभी राहून चालवत नव्हती, बसून चालवत होती, पाय सारख्या लयीत, चेहरा जवळजवळ झोपलेल्या माणसासारखा. पाचजणींना तिने मागे टाकलं होतं, आणि त्यातल्या दोघी सायकल खांद्यावर घेऊन चालत येत होत्या. मी ओरडायचंच विसरले. ती माझ्या शेजारून गेली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या ओठांवर जे होतं त्याला हसू म्हणता येणार नाही. स्वतःचंच आश्चर्य वाटणारं काहीतरी होतं. तेवढा एक क्षण मला असं वाटलं की मी आयुष्यात एकदा तरी काहीतरी अगदी अचूक केलेलं आहे.

मग उतार आला आणि मग तळ्याकाठचा दोन किलोमीटरांचा सपाट पट्टा. तिथे भावोजी उभे होते, आणि त्यांनीच मला नंतर सांगितलं. ताई पट्ट्यावर आली तेव्हा दुसरी होती, मागे बरंच अंतर होतं, आणि मग ते कमी होत गेलं. तिचे पाय इतक्या वेगाने फिरत होते की ती सीटवर उडत होती. आधी एक मुलगी तिच्या डाव्या हाताने पुढे गेली, मग अर्ध्या मिनिटाने दुसरी, आणि त्या दोघींचे पाय हळू फिरत होते, असं भावोजींचं म्हणणं. ताई चौथी आली. तिसरीपेक्षा नऊ सेकंद उशिरा. पहिल्या तिघी पुढच्या मोठ्या शर्यतीला परदेशी जाणार होत्या. ताईला त्या महिन्यात तेहतीस पूर्ण झाली होती. त्या पट्ट्याबद्दल ती एकदाच बोलली, परतताना गाडीत. म्हणाली, पाय माझेच होते, फिरतही होते, पण सायकल पुढे जात नव्हती. स्वप्नात आपण पळतो आणि जागचे हलत नाही, तसं.

त्यानंतर तिने तपासण्या केल्या. रक्त, थायरॉइड, हृदय, सगळं. सगळं व्यवस्थित होतं, आणि ते तिला आजारापेक्षा वाईट वाटलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्याही विचारलं म्हणून काहीतरी द्यायचं तशा. एक दिवस ती मला म्हणाली की आजार असता तर बरा केला असता, वयाला काय करणार. भावोजी अधूनमधून म्हणायचे की तेहतीस म्हणजे काय म्हातारपण नव्हे, माझं पोट बघ. पण रविवार त्यांना परत मिळाले होते आणि ते खूश होते हे त्यांना लपवता येत नव्हतं. सायकल बैठकीच्या खोलीत भिंतीला टांगली गेली. मी तिथे गेले की ती नवी चेन चकाकताना दिसायची. पण ताई त्या चढाबद्दल मात्र बोलायची. आल्यागेल्याला सांगायची. सपाटीवर संपले मी, पण चढ असा चढले की विचारू नका. मी साक्षीदार म्हणून शेजारी असायचेच. हिला विचारा, ती म्हणायची, आणि मी मान हलवायची.

दुपारच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. चष्म्याच्या दुकानामागे एक लांब अरुंद खोली आहे, तिथे ती चष्म्याच्या काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करते. काचेच्या मध्यावर आधी निळ्या शाईचा बारीक ठिपका द्यायचा, मग ती यंत्रावर धरायची, पाण्याच्या धारेखाली. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर माणसाचं डोकं दुखतं. मी आत गेले तेव्हा ती शेजारच्या नव्या मुलीला चढच सांगत होती. यंत्राच्या आवाजामुळे दोघी मोठ्याने बोलत होत्या. मला बघून ती म्हणाली, "हिला विचार." मी नेहमीसारखी मान हलवली नाही. नवी मुलगी डबा घेऊन बाहेर गेली. ताईने पाठवलंस का म्हणून विचारलं, मी नाही म्हटलं, आणि खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. काय म्हणायचं ते वाटेत मी ठरवलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. म्हणून म्हटलं, "मोज."

तिने ओल्या हातानेच चक्र धरलं, चंदेरी रंगाचा राहिलेला टवका बघून हसली, अंगठा ठेवला आणि ओठ हलवत फिरवलं. "वीस. का गं?"

"शेवटचा म्हणजे पहिलाच आहे, ताई."

तिला कळलं नाही. मी तिच्या टेबलावरची शाईची लेखणी उचलून तिच्या हातात दिली. तिने एका दात्यावर निळा ठिपका दिला आणि पुन्हा मोजलं, या वेळी सावकाश, काच तपासताना बघते तसं डोळे बारीक करून. एकोणीसला ती थांबली. पुढे ठिपका होता. तिचा अंगठा त्या ठिपक्याच्या वर जरा वेळ तसाच राहिला, खाली टेकवावा की नाही हे त्याला ठरवता येत नसल्यासारखा. मग मी सगळं सांगितलं. डबा, काचकागद, दुकानातलं खरं वीस, आठ मिलिमीटर. सपाटीवर पायाच्या दर फेरीला तिचा वीतभर रस्ता कमी पडत होता, हे सांगितलं. चौदा सेकंदांची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कुणाला वाढदिवसाची भेट द्यावी तशी. तेवढ्याच वेगाने पाय फिरवून, जुन्या चक्रावर, तू तो पट्टा चौदा सेकंद लवकर कापला असतास. तू नऊ सेकंदांनी मागे होतीस, ताई. तुझ्या पायांना काहीही झालेलं नाही.

यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं आणि पाणी वाहत होतं. तिने चक्र उलटं करून पुन्हा सुलटं केलं. मी तिच्या चेहऱ्यावर ज्याची वाट बघत होते ते तिथे आलं नाही.

"म्हणजे चढ," ती म्हणाली.

सकाळपासून रस्त्यात आणि तराजूपाशी हाच एक शब्द मी बाजूला सारत होते.

"चढावर मी खऱ्या वीसवर होते. त्या सगळ्या खऱ्या एकोणीसवर असतील." ती थोडी हसली. "आणि मी गावभर सांगत सुटले."

"त्यातल्या दोघी चालत येत होत्या, ताई. एका दात्याने एवढा फरक पडत नाही."

"सपाटीला पडतो, चढाला पडत नाही?" मग हळू आवाजात, "एकोणीसवर चढले असते का मी?"

मला हो म्हणता आलं असतं. एवढंच करायचं होतं. मी म्हटलं की मला माहीत नाही. ती म्हणाली, हिशेब कर की, तुला येतो. मी म्हटलं केला, निघत नाही. सपाटीवर पाय किती फिरले ते मला माहीत आहे, पण त्या चढावर तुझ्यात किती शिल्लक होतं हे कुठेच लिहिलेलं नाही. एक दाता कमी असता तर तू तशीच चढली असतीस, किंवा निम्म्यावर उतरून चालली असतीस, आणि मग सपाटीवर वाचवायला ते चौदा सेकंदच उरले नसते. हे सगळं मी यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलले, आणि बोलताना कळत होतं की मी तिच्याकडून दोन्ही काढून घेते आहे, हरणं आणि चढ, आणि बदल्यात तिच्या हातात फक्त एक झिजलेलं चक्र ठेवते आहे. तिने ते कागदात नीट गुंडाळलं, माझ्या खिशात घातलं आणि खिशावरून एकदा हात फिरवला. मग टेबलावरची काच उचलून तिने निळा ठिपका दिला.

मी विचारलं, "पत्राचं काय करू?"

तिने काच यंत्रावर धरली. माझ्याकडे बघितलं नाही. आवाजात राग नव्हता. ज्या आवाजात ती सहा वर्षं म्हणत आली होती त्याच आवाजात ती म्हणाली, "तू ठरव. मला सांगू नकोस."

साडेचारला माझी वजनं संपली. नोंदी झाल्या. फोन तराजूशेजारी होता आणि पत्र उघडलेलं होतं, चार ओळी, खाली तिचं नाव. कारण नसताना मी खिशातलं चक्र काढून तराजूच्या तबकडीवर ठेवलं आणि काचेचं दार लावलं. आकडे धावले, मंद झाले, पहिले सगळे थांबले आणि शेवटचा एक सात आणि आठच्या मध्ये हेलकावत राहिला. कुणी शेजारून चाललं किंवा दारापाशी श्वास सोडला तरी तो हलतो. मी श्वास धरला. पत्र पाठवलं तर ती चढली होती की नव्हती हे तिला कधीच कळणार नाही, आणि कदाचित हळूहळू तो चढ पुन्हा तिचा होईल, इतर गोष्टी होतात तसा. नाही पाठवलं तर ती पुन्हा त्या डोंगराखाली उभी राहील, दाते मोजत, शेजारणीचे आणि स्वतःचे. एकदा मला वाटलं सात, एकदा वाटलं आठ. सर कोट घालून दाराशी आले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मनगटावरच्या, आणि दोन्ही जुळतात असं पाहून म्हणाले, पाच वाजून गेले, निघायचं नाही का. फोनचा पडदा केव्हाचा काळा झाला होता.

उद्या सकाळी यादी लागेल आणि तिचं नाव त्यात असेल. ती यादी बघणार नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे जाईन, भावोजी काहीतरी बोलतील, भिंतीवरची सायकल तिथेच असेल, आणि ती एकदा माझ्या तोंडाकडे बघेल. तराजूच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, आत चक्र आणि त्याच्यावर निळा ठिपका. मी तो चेहरा निश्चिंत करून बघितला. सर दिव्याच्या बटणावर हात ठेवून उभे होते. मी म्हटलं, एक मिनिट, आणि पुन्हा करून बघितला.